तुकोबांचे दुकान

पुणे–सोलापूर मार्गावर यवत ओलांडले की दौंड तालुक्यातील वरवंड हे गाव लागते. दर वर्षी ज्येष्ठ महिन्याच्या वद्य पक्षात संत तुकाराम महाराजांची पालखी या गावी मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी पाटस व रोटी घाटाच्या मार्गाने उंडवडीकडे निघते. त्या दिवसांत रस्त्याकडेच्या प्रत्येक दुकानाला उसंत नसते. चहा, बिस्किटे, औषधे, चपला, छत्र्या, मोबाईलचे चार्जर अशा शेकडो वस्तूंसाठी गर्दी लोटते. गर्दीत कोणी सुट्या पैशांवरून हुज्जत घालतो, कोणी भावावरून आवाज चढवतो, कोणी आपला नंबर आधी होता म्हणून गल्ल्यावर हात आपटतो. ज्यांच्या पादुका त्या पालखीत असतात ते तुकोबा स्वतः एके काळी दुकानदार होते, हे मात्र गल्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे उभ्या असलेल्या फार थोड्या लोकांच्या ध्यानात असते.

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांची रोजी दुकानावर अवलंबून आहे. कोणाचे स्वतःचे दुकान आहे, तर कोणाचा मुलगा दुसऱ्याच्या दुकानात पगारावर उभा राहतो. तेव्हा महाराष्ट्राच्या या सर्वपरिचित व्यक्तीच्या जीवनाचा दुकानदारीचा भाग आपण जाणून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यांची श्रद्धा व उपासनेची वाट आपल्यापेक्षा वेगळी होती आणि तो येथे चर्चेचा विषय नाही. त्यांच्याविषयीच्या चमत्कारकथाही बाजूला ठेवू. व्यवहार, राग, कर्ज आणि क्षमा या चार गोष्टींशी त्यांचा जो सामना झाला, तेवढाच पाहू.

तुकोबांचा जन्म १६०८ च्या सुमारास पुण्याच्या वायव्येस इंद्रायणीकाठच्या देहू गावी झाला. घराणे मोरे आडनावाचे, कुणबी. परंतु पिढ्यान्‌पिढ्या वाण्याचा व्यवसाय व बाजारपेठेची महाजनकी त्यांच्याकडे चालत आलेली. वडील बोल्होबा, आई कनकाई. तीन भावांत तुकोबा मधले. थोरला सावजी विरक्त वृत्तीचा होता आणि त्याने दुकानाची जबाबदारी नाकारली, म्हणून वडिलांनी वयाच्या तेराव्या वर्षीच तुकोबांना गादीवर बसवले. धाकटा कान्होबा तेव्हा लहान होता. तुकोबांचा पहिला विवाह रखमाबाईंशी झाला. त्यांना दम्याचा विकार असल्याने वडिलांनी पुण्याच्या गुळवे घराण्यातील जिजाई यांच्याशी दुसरा विवाह लावून दिला. लोकांनी पुढे त्यांना आवली या नावाने ओळखले.

त्या काळी गावच्या वाण्याचे दुकान म्हणजे केवळ खरेदी-विक्रीची जागा नव्हती. धान्य, मीठ, मिरची, गूळ यांची विक्री तेथे होई. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला उधार दिले जाई आणि सुगीला ते वसूल होई. उधारीच्या नोंदी वहीत असत व मोठ्या रकमांची खते लिहून घेतली जात. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून वाणी परगावी माल नेई. म्हणजे ज्याच्याशी सौदा करायचा, त्याच्याशीच शेजार, भाऊबंदकी आणि कर्जाचेही नाते असे. अशा ठिकाणी ग्राहकाचा राग हा एका वस्तूपुरता राहत नाही. त्यात मागची बाकी, मागचा अपमान आणि यंदा न पडलेला पाऊसही मिसळलेला असतो. आजही खेड्यातल्या दुकानात हेच घडते.

सुरुवातीची काही वर्षे व्यवसाय उत्तम चालला. तुकोबांच्या सतराव्या वर्षी आई-वडिलांचे छत्र हरपले. पुढच्याच वर्षी भावजय वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेला. त्यानंतर १६२९ ते १६३१ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. त्याच सुमारास बादशहा शाहजहानच्या फौजा दक्षिणेत होत्या, निजामशाहीचा प्रदेश युद्धाने पोळला होता आणि त्यावर पाऊस रुसला. अब्दुल हमीद लाहोरी यांच्या बादशाहनाम्यात या दुष्काळाचे अंगावर काटा आणणारे वर्णन आहे. भुकेल्यांसाठी बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडावे लागले. देहूसारख्या लहान गावापर्यंत अशी मदत कोठून पोहोचणार? तुकोबांची गुरे मेली, उधारी बुडाली, दिवाळे वाजले. रखमाबाई अन्नावाचून गेल्या आणि पाठोपाठ त्यांचा मुलगा संतूही गेला. हे दुःख आणि दिवाळ्याने झालेली बेअब्रू तुकोबांनी आपल्या अभंगांत स्वतः सांगितली आहे. ती त्यांनी लपवली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दिवाळे निघालेल्या दुकानदाराच्या दारात कोण येते, हे व्यापारात मुरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. काल ज्यांच्यापुढे आपण वहीची पाने उलटत होतो, ते तोंड चुकवू लागतात. ज्यांच्याकडून आपण माल उचलला, ते दारात ठाण मांडतात. सोयऱ्यांनी काही वेळा सावरून धरले, पण घडी पुन्हा बसली नाही. तुकोबांच्या आयुष्यातील ही अवस्था मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घेणेकरी आणि देणेकरी अशा दोन्ही बाजू या माणसाने अल्पवयातच अनुभवल्या. आवाज चढवून बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय कालवाकालव चाललेली असते, हे त्यांना ऐकून नव्हे तर भोगून कळले.

येथे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातील एक प्रसंग आठवतो. एका माणसाचे प्रेषितांकडे एक उंट येणे होते. तो मागायला आला आणि अत्यंत उद्धटपणे बोलू लागला. सहाबांना ते सहन झाले नाही व ते त्याच्यावर धावून जाण्याच्या बेतात होते. प्रेषितांनी त्यांना आवरले. ज्याचे येणे असते त्याला बोलण्याचा अधिकार असतो, हे समजावले आणि त्याच्या उंटाच्याच वयाचा उंट देण्यास सांगितले. तसा मिळाला नाही, त्याहून चांगला मिळाला. प्रेषितांनी तोच द्यायला लावला आणि देणे उत्तम रीतीने फेडणाऱ्याला उत्तम माणूस ठरवले. हा प्रसंग हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केला असून तो बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. प्रेषितांनी त्या माणसाच्या बोलण्याची रीत आणि त्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. रीत वाईट होती म्हणून हक्क नाहीसा झाला नाही. समोरचा ग्राहक ओरडत असला, तरी त्याचे म्हणणे खरे असू शकते. त्याला खराब माल गेला असेल, वजनात खोट आली असेल, हिशेबात दहा रुपये जास्त लागले असतील. तेव्हा आधी हक्क तपासावा, आवाज नंतर.

तुकोबांकडे वळू. दिवाळ्यानंतरही त्यांनी व्यापाराचे प्रयत्न सोडले नाहीत. त्यांच्या पुढील काळाविषयी अठराव्या शतकात ताहराबादच्या महिपतींनी ज्या कथा लिहून ठेवल्या, त्यांपैकी एक कोकणातील मिरचीच्या विक्रीची आहे. तुकोबा मिरचीची पोती घेऊन कोकणात गेले आणि ग्राहकांनाच आपल्या हाताने मोजून घेण्यास सांगून बसले. साधा माणूस पाहून लोकांनी हात सैल सोडला. कोणी जास्त नेले, कोणी पैसे नंतर देतो म्हणून गेला. पोती रिकामी झाली तरी वसुली होईना. परतीच्या वाटेवर एका भामट्याने सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कडी त्यांच्या गळ्यात मारली आणि होते तेही गेले. दुसऱ्या एका कथेत आवलींनी आपल्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून भांडवल उभे करून दिले. व्यापार साधला, पन्नास रुपये नफा झाला, परंतु परतताना कर्जापायी विटंबना सोसणारा एक ब्राह्मण दिसला आणि तुकोबांनी सारी रक्कम त्याला देऊन टाकली.

या कथा ऐकताना कीर्तनातील श्रोते कौतुकाने माना डोलावतात. धर्मशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला मात्र येथे थांबावेसे वाटते. मवाळपणा हा सद्‌गुण आहे, माप सोडून देणे हा नाही. कुरआनने माप पुरे भरण्याची आज्ञा दिली आहे, आणि मापात कमी देणाऱ्यांचा धिक्कार करणारी एक स्वतंत्र सूरह आहे. पुरे माप ही आज्ञा दोन्ही हातांना लागू पडते. तराजू ग्राहकाच्या हाती सोपवून आपण त्याच्यावर उपकार करतो, की त्याच्यासमोर मोह ठेवतो? आणि दोनशे रुपये आवलींच्या नावावर आणलेले होते. त्यांचा त्या पैशावर काही हक्क होता की नाही?

आवलींविषयी लोकपरंपरेने फारच कठोर लिहिले आहे. त्यांना कजाग ठरवून अनेकांनी श्रोत्यांना हसवले. उसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कोणी तुकोबांना उसाची मोळी दिली, वाटेत भेटलेल्या पोरांना त्यांनी ती वाटून टाकली आणि एकच ऊस घेऊन घरी आले. संतापलेल्या आवलींनी तोच ऊस त्यांच्या पाठीत हाणला, तो मोडला, आणि तुकडे आपोआप वाटले गेले म्हणून तुकोबा हसले. रागाला रागाने उत्तर न देण्याचे हे सुंदर उदाहरण आहेच. पण ज्या बाईने दुष्काळानंतरचा संसार ओढला, उपाशी लेकरे सांभाळली आणि नवरा भंडारा डोंगरावर चिंतनात बसलेला असताना भाकरी घेऊन जी डोंगर चढत राहिली, तिच्या रागाचा हक्कही तपासला पाहिजे. इस्लामी शरीअतमध्ये पत्नी व मुलांचा उदरनिर्वाह हे पतीवर फर्ज आहे. सदका त्यानंतर येतो. आवलींचा आवाज चढलेला होता, पण त्यांची मागणी खोटी नव्हती. उंटाचे येणे मागणाऱ्या माणसाला जो न्याय प्रेषितांनी दिला, तो घरातल्या माणसालाही मिळायला हवा. दुकानात दिवसभर गोड बोलून घरी आल्यावर बायको-मुलांवर खेकसणाऱ्या पुरुषांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

तुकोबांच्या व्यवहाराचा कळस मात्र वेगळ्याच प्रसंगात दिसतो. वडिलांच्या काळापासूनच्या उधारीची खतपत्रे घरात होती. पुष्कळ कुळांकडून येणे होते आणि दुष्काळाने तीच कुळे नागवली होती. खते हाती असलेल्या वाण्याला त्या काळी तगादा लावता आला असता, जमीन वा गुरे ओढून आणता आली असती. तुकोबांनी ती खते इंद्रायणीत बुडवण्याचे ठरवले. धाकटा भाऊ कान्होबा याने हरकत घेतली. तुकोबांच्या मनात वैराग्य असले तरी त्याला आपला संसार चालवायचा होता. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाच्या हाती दिला आणि केवळ आपल्या वाट्याची खते नदीत सोडली.

हा प्रसंग मला मिरचीच्या कथेपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. आपल्या हक्काची माफी देता येते, दुसऱ्याच्या हक्काची देता येत नाही, हा फिक्हचा मूलभूत नियम आहे. तुकोबा येथे नेमक्या त्याच रेषेवर उभे आहेत. सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला सवड द्यावी आणि माफच केले तर ते अधिक चांगले, असा आदेश आहे. तेथून दोनच आयती पुढे, २८२ व्या आयतीत, कर्जाचा व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवण्याची सविस्तर आज्ञा आहे. दोन्ही आदेश शेजारी शेजारी आहेत. लिहून ठेवावे, म्हणजे हक्क कोणाचा व किती हे स्पष्ट राहील. आणि मग समर्थ असताना सवड द्यावी. जे लिहिलेच नाही, त्यावरून भांडण होते. जे लिहिले आहे, त्याचीच माफी देता येते. लोकांना उधार देणारा आणि अडलेल्या माणसाकडे काणाडोळा करण्यास आपल्या नोकराला सांगणारा एक व्यापारी होता आणि अल्लाहनेही त्याच्या चुकांकडे काणाडोळा केला, असे हदीसमध्ये आले आहे. या हदीसमध्ये माफीचा निर्णय मालकाचा आहे, नोकर तो अमलात आणतो. दुकानात पगारावर काम करणाऱ्या तरुणांनी हा भेद लक्षात ठेवावा.

कूफ्यात कापडाचा व्यापार करणारे इमाम अबू हनीफा (रह.) यांचे उदाहरण येथे जोडून पाहावे. एक स्त्री रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिने शंभर किंमत सांगितली. वस्त्र त्याहून मोलाचे होते. इमामांनी तिला किंमत वाढवायला लावली आणि शेवटी पाचशेला ते घेतले. ते दयाळू होते, पण त्यांच्या दयेत हिशेब होता. वस्तूची खरी किंमत त्यांनी ठरवली आणि तीच दिली. तुकोबांना हिशेब नकोसा झाला, तर इमामसाहेबांनी तो इबादतीचा भाग मानला. व्यापारात राहायचे असेल तर आपल्यासाठी दुसरा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

दुकान सुटल्यावर तुकोबांवर होणारे आघात मात्र थांबले नाहीत. देहूत मंबाजी नावाचे एक गोसावी मठ चालवत. तुकोबांच्या कीर्तनाला होणारी गर्दी त्यांना सलत होती. मंबाजींच्या बागेत तुकोबांची म्हैस शिरली, वाटेवर काट्यांचे कुंपण घातले गेले, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत काटे रुतू नयेत म्हणून तुकोबांनी ते दूर सारले आणि त्याच काटेरी फांदीने मंबाजींनी त्यांना झोडपले, असा वृत्तान्त आहे. रात्री मंबाजी कीर्तनाला आले नाहीत तेव्हा तुकोबा स्वतः त्यांच्याकडे गेले, मारून मारून त्यांचे हात दुखले असतील म्हणून त्यांचे अंग चेपले आणि त्यांना कीर्तनाला घेऊन आले. मंबाजींचा उपद्रव केवळ दंतकथा नव्हे. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत देहूत मंबाजींकडून झालेल्या छळाची हकीकत नोंदवली आहे. वाघोलीचे रामेश्वर भट्ट यांनीही तुकोबांना कडाडून विरोध केला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याची वेळ आणली. तेच रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचे अनुयायी झाले. वाईटाचे निवारण अधिक चांगल्या वर्तनाने करावे, म्हणजे वैरीही जिवलग मित्रासारखा होतो, ही सूरह हा-मीम अस-सजदामधील शिकवण आपण जाणतोच. तिची साक्ष माणसाच्या इतिहासात ठिकठिकाणी मिळते.

तुकोबांचे निधन १६५० मध्ये झाले. त्यांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. देहूतून निघाल्यावर ही पालखी आजही प्रथम अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी विसावते. अनगडशाह हे तुकोबांच्या काळातील फकीर. तुकोबांच्या गाथेत दरवेश आणि मलंग यांच्या तोंडी घातलेल्या, दख्खनी वळणाच्या रचनाही आहेत. देहूच्या त्या दुकानात आणि दारात मुसलमान परके नव्हते, एवढे यावरून निश्चित कळते.

आता वरवंडच्या, किंवा कोणत्याही गावच्या, गल्ल्यामागे उभ्या असलेल्या आपल्या मुलांसाठी या जीवनातून काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे ओरडणाऱ्याचा हक्क आधी तपासावा. चूक आपली असेल तर ती लगेच मान्य करून भरपाई करावी. दुसरी, शिवी ही आपल्या अंगावर आलेली असते. ती पोटात घालण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे आणि त्यात कमीपणा नाही. कुस्तीत पाडणारा बलवान नव्हे, रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा बलवान, ही प्रेषितांची शिकवण आहे. राग आला असता उभे असल्यास बसावे, हेही त्यांनीच शिकवले. गल्ल्यामागे स्टूल असतेच. तिसरी, माल आणि पैसा मालकाचा आहे, तो अमानत आहे. दमदाटीला भिऊन वजन वाढवून देणे किंवा उधार सोडून देणे हा सब्र नव्हे. अशा वेळी नम्रपणे मालकाला बोलवावे. हात उगारला जात असेल तर शेजारच्या दुकानदारांना हाक मारावी, पोलिसांना कळवावे. कायद्याचा आधार घेणे हे सब्राच्या विरुद्ध नाही. चौथी गोष्ट विशेष जपावी. आजकाल गल्ल्यावरच्या पाच रुपयांच्या वादाला जातीचा किंवा धर्माचा रंग चढायला वेळ लागत नाही, आणि मग एका दुकानाचे भांडण साऱ्या गावाला भोवते. समोरचा माणूस नावावरून टोमणा मारील, तेव्हाही उत्तर केवळ मालाविषयी व पैशांविषयी द्यावे. त्याने वाद दुसरीकडे नेला तरी आपण तो गल्ल्यावरच ठेवावा. गावातील शांतता ही त्या घडीला आपल्या हातातील अमानत असते.

पालखी दर वर्षी येईल, गर्दी होईल, कोणीतरी आवाज चढवील. त्या वेळी पाण्याचा एक ग्लास पुढे करणारा हात आपल्या मुलाचा असावा, आणि संध्याकाळी हिशेबाची वहीही त्याच हाताने चोख लिहिलेली असावी. विकताना, घेताना आणि येणे मागताना जो मवाळपणे वागतो, त्याच्यावर कृपा व्हावी अशी प्रार्थना प्रेषितांनी केली आहे. अल्लाह आपल्याला व आपल्या मुलांना त्या प्रार्थनेस पात्र करो, आपली रोजी हलाल आणि आपली जीभ सौम्य ठेवो. आमीन.